दोन मीटरची रेडिओ-नियंत्रित पाणबुडी: आधी वजनाची वही, मग करवत

जहाजाचं मॉडेल शे-दोनशे ग्रॅमने जड झालं तर ते मिलिमीटर-दोन मिलिमीटर खाली बसतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. पाण्याखाली तरंगत ठेवलेली पाणबुडी पन्नास ग्रॅमने जड झाली तर ती तळाला जाऊन बसते. म्हणून या कामात पहिलं हत्यार म्हणजे वजनकाटा आणि वही. प्रत्येक भागाचं वजन किती, तो किती पाणी सारतो आणि तो तरंगरेषेच्या (बोट पृष्ठभागावर असताना पाण्याची पातळी कवचावर जिथे येते त्या रेषेच्या) वर आहे की खाली, हे तीन रकाने शेवटपर्यंत भरत राहायचे.

नमुना आणि प्रमाण

खालचे सगळे आकडे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टाइप ७-सी पाणबुडीचे, १:३२ प्रमाणातले आहेत. मूळ बोट ६७.१ मीटर लांब, ६.२ मीटर रुंद, पृष्ठभागावर ४.७४ मीटर पाण्यात बुडणारी. मॉडेल होतं २,०९७ मिमी लांब, १९४ मिमी रुंद, १४८ मिमी खोल. मूळ वजन पृष्ठभागावर ७६९ टन आणि पाण्याखाली ८७१ टन. प्रमाणाचा घन ३२,७६८, त्याने भागलं की अनुक्रमे २३.५ आणि २६.६ किलो.

हा नमुना घ्यायचं कारण सौंदर्य नाही. याला दोन पंखे (प्रोपेलर) आहेत आणि दोन्ही सुकाणू व मागचे आडवे पंख (बोटीचं नाक वर-खाली करणाऱ्या पट्ट्या) थेट त्यांच्या प्रवाहात येतात, त्यामुळे मॉडेल मंद वेगातही वळतं. आधुनिक अणुपाणबुडीचं गोल कवच बनवायला सोपं असतं, पण एकच मोठा पंखा वेग घेतला की बोटीला उलट दिशेने कलंडवतो. १:४८ प्रमाण घेतलं तर लांबी १.४ मीटर होते, मात्र आतली जागा जवळजवळ ३.४ पट कमी होते. सर्व्हो (सुकाणू आणि पंख हलवणारी छोटी मोटर) आणि बॅटरी काही त्या प्रमाणात लहान होत नाहीत. पहिली बोट मोठी असलेली बरी.

नकाशा घेताना एक विशिष्ट बोट आणि तिचा एक विशिष्ट काळ ठरवा. युद्धभर मनोरे (डेकवरचा पेरिस्कोपचा उंच भाग) बदलत गेले, आणि कवचावरच्या पाणी शिरायच्या खाचांची रांगही बोटीगणिक वेगळी होती. या जातीची एकच बोट आज शाबूत आहे: कीलजवळच्या लाबो इथली यू-९९५. पण ती ७-सी/४१ या उपप्रकारातली आहे, तेव्हा तिचे फोटो पाहून सुरुवातीच्या काळातली बोट बनवू नका.

कवच ओलं ठेवायचं, कोरडं नाही

बाहेरचं कवच पूर्ण बंद ठेवायचं, की त्यात पाणी मोकळं फिरू द्यायचं, हा पहिला निर्णय. बंद कवच बुडवायला तरंगरेषेवरच्या सगळ्या आकारमानाइतकं पाणी आत घ्यावं लागतं. वरच्या दोन वजनांतला फरकच ३.१ लिटर आहे. मोकळा डेक आणि मनोराही बंद केला तर त्याहून जास्त.

ओल्या कवचात पाणी भोकांतून आपोआप आत-बाहेर करतं. मग बॅलास्टने (बुडण्यासाठी टाकीत घेतलेल्या पाण्याने) भरून काढायचं असतं ते फक्त तरंगरेषेच्या वर असलेल्या घन वस्तूंचं आकारमान. इथे फायबरग्लास १.२ किलो, घनता १.५, म्हणजे ०.८ लिटर. पितळी सामान ०.४ किलो, घनता ८.५, म्हणजे ०.०५ लिटर. प्लास्टिकचे तुकडे ०.१ लिटर. बेरीज ०.९५ लिटर, त्यावर पंधरा टक्के धरून टाकी १.१ लिटरची. एवढं साधं गणित न करता ‘मोठी टाकी बरी’ म्हणून तीन लिटरची बसवली, तर तिच्यासाठी जागा, मोटर आणि बॅटरी वाढत जाते आणि बोट अर्धी भरताच गचकन खाली जाते.

वही

सगळी यंत्रणा एका जलरोधक नळकांड्यात राहते. ॲक्रिलिकची नळी, बाहेरचा व्यास १३० मिमी, जाडी ४ मिमी, लांबी ९०० मिमी. ती ११.९ लिटर पाणी सारते, म्हणजे ११.९ किलोचं प्लावक बल. आता त्याविरुद्धची वजनं:

- नळी १.७ किलो
- दोन झाकणं ०.६
- १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी २.५
- दोन मोटरी गिअरसकट ०.७
- पिस्टन टाकी (पिचकारीसारखी पाणी ओढणारी आणि सोडणारी) तिच्या मोटरसकट १.२
- सर्व्हो, रिसीव्हर, स्पीड कंट्रोलर, वायरी ०.५
- आतला सांगाडा आणि ताणदांड्या ०.५
- टाकी भरल्यावरचं पाणी १.१

एकूण ८.८. उरतात ३.१ किलो. कवचाचं ३ किलो फायबरग्लास पाण्यात १ किलोच भरतं, ०.६ किलो पितळ सुमारे ०.५ भरतं. उरलेल्या १.६ किलोसाठी शिसं हवं; शिसं पाण्यात आपल्या वजनाच्या ९१ टक्के भरतं, म्हणून प्रत्यक्षात १.७५ किलो. हे शिसं तळच्या कण्यात जाणार असल्यामुळे हीच बोटीची स्थिरता. पाण्याखाली तरंगरेषेचा आधार नसतो. गुरुत्वमध्य प्लावक बलाच्या मध्याच्या खाली असला तरच बोट सरळ राहते. वहीत शिशासाठी किलोभरसुद्धा उरत नसेल तर नळी लांब करा.

या यादीतली सगळ्यात महाग चूक म्हणजे शेवटची ओळ विसरणं. टाकीतलं पाणी न धरता शिसं ओतलं तर बोट एक किलोहून जास्त जड होते आणि पहिल्याच बुडीत परत येत नाही.

पाण्याबाहेर, टाकी रिकामी असताना, हे मॉडेल सुमारे १३ किलो भरतं. सुरुवातीच्या २३.५ किलोंपैकी बाकीचे दहा किलो म्हणजे कवचातलं मोकळं पाणी.

कवच

साचा काढायला आधी कवचाच्या आकाराचा भरीव नमुना, म्हणजे मास्टर, लागतो. प्लायच्या आडव्या चौकटी ५० ते ६० मिमी अंतराने कण्यावर उभ्या करा, मध्ये फोम भरून चौकटींच्या कडांपर्यंत घासा. थर्माकोलवर पॉलिस्टर रेझिन पडलं की ते विरघळतं, त्यामुळे आधी इपॉक्सीचा थर द्या. मग लांबी (पुट्टी), प्रायमर आणि पाण्यातला सँडपेपर ४०० पासून १००० पर्यंत. मास्टरवरचा ओरखडा साच्यात जातो आणि साच्यातून प्रत्येक कवचात येतो. इथे गेलेला आठवडा वाया गेलेला नसतो.

साचा दोन भागांचा. जोड तरंगरेषेवर आडवा घेतला तर वरचा अर्धा भाग पेटीच्या झाकणासारखा उचलता येतो. उभा जोड साच्यातून काढायला सोपा, पण नंतर नळकांडं बाहेर काढायला डेक कापावा लागतो. मेणाचे पाच-सहा हात, त्यावर पीव्हीए (कवच साच्यातून सुटावं म्हणून लावायचा द्रव), मग जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत बाहेरचा थर). साच्याला चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या काचतंतूंच्या मॅटचा एक थर, तो घट्ट झाल्यावर ४५० चे तीन-चार. कवचाला जेलकोट, एक थर ३०० आणि एक थर ४५०. हाताने मारलेल्या ४५० च्या थराची जाडी साधारण एक मिलिमीटर येते, तेव्हा कवच पावणेदोन मिमीच्या आसपास राहतं. वरच्या भागात जास्तीचा थर ‘मजबुतीसाठी’ टाकू नका. तिथला प्रत्येक घन सेंटिमीटर टाकीच्या हिशोबात जातो. रेझिन मिसळताना कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत टाकायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, नंतर हार्डनर.

खालच्या अर्ध्याच्या आतून २० मिमी रुंद पट्टी चिकटवा, तिच्यावर वरचा भाग बसतो. नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) एक जीभ अडकवायची, मागे एक किंवा दोन स्टेनलेस स्क्रू. बस्स.

भोकांबाबत मात्र कंजुषी नको. डेकच्या जाळीतून आणि मनोऱ्याच्या माथ्यातून हवा बाहेर पडली पाहिजे, आणि आतल्या प्रत्येक चौकटीला वर व खाली १० मिमीची भोकं हवीत. डेकखाली अडकलेला हवेचा बुडबुडा हा नवख्या बोटीचा मुख्य शत्रू. बोट नाक खाली करते, बुडबुडा मागे सरकतो, शेपूट आणखी वर उचलली जाते, आणि कितीही शिसं हलवलं तरी तोल लागत नाही.

नळकांडं आणि त्याची झाकणं

बॅटरीचा छेद ६५ × ९४ मिमी. टोकांसकट उंची १०० धरली तर कर्ण ११९ मिमी येतो, १२२ च्या पोकळीत जेमतेम बसतो. ११० मिमीची नळी स्वस्तात मिळाली म्हणून घेणाऱ्यांचं घोडं नेमकं इथे अडतं. नळीची वरची कड तरंगरेषेच्या वर येत नाही ना, तेही नकाशावर पाहा. आली तर तेवढं आकारमान टाकीच्या हिशोबात वाढवा.

झाकणं १५ मिमी जाड, डेलरिन किंवा ॲक्रिलिकची, लेथवर काढलेली. ३ मिमी जाडीच्या ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला) खाच २.५ मिमी खोल आणि ४ मिमी रुंद. म्हणजे रिंग सतरा टक्के दाबली जाते. खाच २.८ खोल झाली तर गळती, २.२ झाली तर झाकण बसतच नाही आणि जोर लावताना रिंग कापली जाते. नळीच्या आतल्या कडेला थोडा उतार घासा. नायट्राइल रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं. सिलिकॉनच्या रिंगला ते लावलं तर रिंग फुगते. लेथवर काढलेलं ॲक्रिलिक थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका, त्यात केसासारख्या भेगा पडतात आणि त्या दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

झाकणं नुसत्या घर्षणावर सोडायची नाहीत. पिस्टन मागे सरकतो तेव्हा आतली हवा दाबली जाते. आत ५.५ लिटर हवा असेल आणि टाकीने १.१ लिटर जागा घेतली तर दाब पावपट वाढतो. १२२ मिमीच्या झाकणावर तो सुमारे ३० किलोचा ढकला होतो. म्हणून एका झाकणापासून दुसऱ्यापर्यंत ५ मिमीच्या तीन स्टेनलेस ताणदांड्या. एका झाकणात सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवा: झाकण लावताना अडकलेली हवा सोडायला, आणि चाचणीला. ही चाचणी दर वेळी करायचीच. सायकल पंपाने ०.२ बार दाब द्या, नळकांडं पाण्यात धरा, पाच मिनिटं बुडबुडे शोधा.

पंख्यांचे दांडे ४ मिमी स्टेनलेस, प्रत्येकाला दोन लिप सील (फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि मधली पोकळी ग्रीसने भरलेली. सर्व्होच्या दांड्या रबरी भात्यातून बाहेर काढा.

टाकी

गॅसच्या डब्यावर चालणाऱ्या टाक्या हलक्या आणि झटपट असतात, पण डबा संपला की वर येण्याची सोय संपते. पंपाच्या टाकीत अर्धं पाणी डुचमळतं आणि बोट पुढे-मागे झुलते. पहिल्या बोटीला पिस्टन: अर्धा भरला तरी पाणी हलत नाही आणि हवं तिथे थांबवता येतो.

आतला व्यास ९० मिमी, पिस्टनची सरक १७३ मिमी, तेवढ्यात १.१ लिटर होतं. पिस्टन सरकवणाऱ्या एम-८ आट्याच्या दांड्याचा पिच १.२५ मिमी (एका फेऱ्यात तेवढी सरक), म्हणजे पूर्ण सरकेला १३८ फेरे. ३०० आरपीएमच्या गिअर मोटरने २८ सेकंद लागतात. टाकी भरत आली की आतला दाबलेल्या हवेचा जोर पिस्टनवर १६ किलोपर्यंत जातो, पण आटे स्वतःहून उलटे फिरत नाहीत, त्यामुळे वीज गेली तरी पिस्टन जागच्या जागी राहतो. दोन्ही टोकांना लिमिट स्विच (टोक आलं की मोटर थांबवणारे) अनिवार्य. ते नसले तर नट टोकाला जाऊन अडकतो आणि मोटर जळते, तीही बहुतेक वेळा टाकी भरलेली असताना. पिस्टनचा दांडा मागे तेवढाच बाहेर येतो, तेव्हा टाकीसाठी एकूण ४०० मिमी लांबी राखा.

टाकी बोटीच्या लांबीत कुठे बसवायची हे जागेच्या सोयीने ठरवू नका. पाण्यात जाणाऱ्या वरच्या सामानाचा, म्हणजे डेक-मनोऱ्याचा, आकारमान-मध्य जिथे, तिथेच टाकीचा मध्य. मग बॅटरी पुढे, मोटरी मागे. दहा सेंटिमीटर चुकलात तर बोट वर सपाट आणि खाली नाक झुकवून चालते.

रेडिओ

आजचा २.४ गिगाहर्ट्झचा संच पाण्याखाली निरुपयोगी. काही सेंटिमीटर पाण्यातच लहर विरते. ॲन्टेना पेरिस्कोपच्या टोकाला पाण्यावर ठेवून तेवढ्या खोलीवर चालवता येते, त्याखाली नाही. २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झचे जुने संच शोधा, तुमच्या देशात जमिनीवरच्या मॉडेलला कोणती वारंवारता चालते ते पाहून. विमानांसाठी राखलेली वापरली तर कुणाचं तरी विमान पडू शकतं. गोड्या पाण्यात या लहरी काही मीटर खाली पोचतात. खाऱ्या पाण्यात कोणतीच चालत नाही, कारण मीठ पाण्याला विद्युतवाहक करतं. क्लोरीन घातलेल्या तलावातही पल्ला कमी मिळतो.

ॲन्टेनाची वायर कापू नका. डेकखालून लांब ताणून न्या, आणि तिचं टोक इपॉक्सीने बंद करा. तांब्याला पाणी लागलं की पल्ला कोसळतो. रिसीव्हर नळकांड्याच्या मोटरींपासून दूरच्या टोकाला. प्रत्येक ब्रश मोटरला ०.१ मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर: एक दोन टोकांमध्ये, आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या कवचाला एकेक.

फेलसेफ असा लावा की सिग्नल दोन-तीन सेकंद गेला की पंखे बंद आणि टाकी रिकामी. नळकांड्याच्या तळाशी दोन उघड्या तारांचा गळती-संवेदक त्याच सर्किटला जोडा.

मागच्या आडव्या पंखांना तोल-नियंत्रक (बोट आपोआप सपाट ठेवणारं सर्किट) लावायचा. खोली पुढच्या पंखांनी सांभाळायची. नियंत्रकाची दिशा टेबलावर तपासा: नाळ हाताने उचलली की मागच्या पंखांची मागची कड खाली गेली पाहिजे. उलटी गेली तर बोट पाण्याखाली डॉल्फिनसारख्या उड्या मारत तळ गाठते.

वेगाचा अंदाज प्रमाणाच्या वर्गमुळाने काढतात. मूळ बोटीचे पृष्ठभागावर १७.७ आणि पाण्याखाली ७.६ नॉट मॉडेलवर सेकंदाला १.६ आणि ०.७ मीटर होतात. त्याहून जास्त शक्ती बसवून फक्त बॅटरी लवकर संपते.

तोल लावणं

बाथटबमध्ये ही बोट मावत नाही. लाकडी चौकटीत ताडपत्री टाकून अडीच मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल हौद करा. त्यात ६२५ लिटर पाणी लागतं, जमीन भक्कम हवी.

आधी टाकी पूर्ण भरून. कवच पाण्यात हलवून सगळे बुडबुडे काढा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा हलवा. पेरिस्कोपची टोकं तेवढी वर राहतील, म्हणजे वीस-तीस ग्रॅमने हलकी, इथवर शिसं घाला-काढा. शिसं अजून चिकटवू नका. मग टाकी रिकामी करा आणि तरंगरेषा पाहा.

इथे फोमचा उपयोग. बंद पेशींचा एक्सट्रूडेड फोम घ्या. दाणेदार थर्माकोल पाणी पितो. पाण्याखाली फोम उंच असो की खाली, उचल तेवढीच. पृष्ठभागावर मात्र तरंगरेषेच्या वर असलेला फोम काहीच उचलत नाही. म्हणून बोट पृष्ठभागावर खोल बसत असेल तर फोमचा तुकडा तरंगरेषेच्या वरून खाली सरकवा. जास्त वर येत असेल तर उलटं. पाण्याखालचा तोल बिघडत नाही. फोम तरंगरेषेच्या लगेच खाली आणि शिसं कण्यात, ही जोडी सर्वांत स्थिर. बोट पाण्याखाली हाताने तीस अंश कलवून सोडली तर ती लगेच उभी राहिली पाहिजे. रेंगाळली तर फोम आणि शिसं दोन्ही वाढवा.

हिवाळ्यात लावलेला तोल उन्हाळ्यात टिकत नाही. पंधरा अंशांचं पाणी तीस अंशांवर गेलं की घनता ०.३५ टक्के घटते; ही बोट सारते ते १४ लिटर धरले तर पन्नास ग्रॅमचा फरक, म्हणजे तुमची वीस-तीस ग्रॅमची शिल्लक साफ. दहा-दहा ग्रॅमची शिशाची नाणी डेकखालच्या एका खणात ठेवा आणि दर वेळी काठावर तोल पाहा.

पहिल्या बुडीला दोन मीटरपेक्षा खोल नसलेलं, तळ दिसणारं पाणी निवडा आणि मनोऱ्याला गळाच्या दोरीने एक बूच बांधा. आधी ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ टाकी रिकामी करतो का ते काठाशी पाहा. मग फक्त जागच्या जागी बुडवा आणि वर आणा, पाच-सहा वेळा, पंखे त्यानंतर.

पाण्याबाहेर काढताना नाळ वर धरून कवचातलं पाणी वाहू द्या, एकदम उचललं तर दहा लिटर पाण्याच्या भाराने जोड उघडतो. घरी आल्यावर झाकणं काढून नळकांडं रात्रभर उघडं ठेवा, आणि बॅटरी बाहेर काढूनच चार्ज करा. लेड-ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते; बंद नळकांड्यात तो साचतो आणि पुढच्या वेळी मोटरच्या ब्रशची एक ठिणगी पुरते.